स्वच्छ उच्चार

कोकिळाने कुलर बंद केला आणि लॅपटॉपच्या खाली बारावीच्या रसायनशास्त्राचं आणखी एक पुस्तक सरकवलं. कॅमेरा समताच्या डोळ्यांच्या रेषेत आला. मे महिना होता, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. कुलर थांबल्याबरोबर मेहकरच्या बसस्टँडवरचे हॉर्न आणि खालच्या दुकानातल्या पिको-फॉलच्या मशीनचा आवाज एकदमच खोलीत शिरला.

"पुन्हा एकदा म्हण," कोकिळा म्हणाली. "स्वतःची ओळख. पहिली तीन वाक्यं."

समताने पाठ ताठ केली. ती एकोणतीस वर्षांची होती. गावातल्याच एका खाजगी दवाखान्यात सहा वर्षांपासून नर्स होती आणि आज सकाळची ड्यूटी करून थेट इथे आली होती. गणवेशावरून तिने फक्त एक ओढणी घेतली होती. तिने तीन जर्मन वाक्यं म्हटली. प्रत्येक शब्दाचं शेवटचं अक्षर जागेवर होतं. 'मी' या अर्थाच्या शब्दातला तो अवघड ध्वनी, जो श नाही आणि ह पण नाही, तोही बरोबर पडला.

"'निश्त'मधला त. तो अर्धा गेला."

"निश्त," समता म्हणाली.

"हं. आता आला."

जिना वाजला. खालच्या दुकानाचे मालक उत्तमराव गळ्यातला टेप सावरत दाराशी येऊन उभे राहिले.

"किती वाजता हाय वं तुयं?" त्यांनी समताला विचारलं.

"अडीचले, काका."

"मंग मशीन बंद ठेवतो घंटाभर. नाई तं जर्मनीवाले म्हणतीन, पोरगी दवाखान्यातून बोलून राह्यली का गिरणीतून."

समता हसली. उत्तमराव कोकिळाकडे वळले आणि त्यांनी टेपवरचा हात खाली घेतला.

"आपण सांगाल तेव्हा पुन्हा सुरू करू, मॅडम. काही घाई नाही."

"आभारी आहे," कोकिळा म्हणाली.

ते गेल्यावर थोड्या वेळाने मशीन थांबली. कोकिळाने घड्याळ पाहिलं. सकाळी कॉलेजात सुट्टीतल्या जादा वर्गाचे, रसायनशास्त्राचे तीन तास झाले होते आणि पायांना त्यांचा भार अजून जाणवत होता. तिला वाटलं, आडवं व्हावं, फरशीवरच, दहा मिनिटं.

ही समताची तिसरी मुलाखत होती. पुण्याच्या ज्या संस्थेमार्फत इथल्या नर्स जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत जात, त्या संस्थेचा नियम तीन मुलाखतींचा होता. तिन्ही ठिकाणांहून नकार आला की नाव यादीतून निघायचं आणि पुढची दोन वर्षं पुन्हा घातलं जायचं नाही. पहिल्या दोन ठिकाणांचा शेरा जवळपास एकच होता: 'उच्चार अत्यंत स्वच्छ. संवादात ताठरपणा.' कोकिळाने त्यातला पहिला भाग दोनदा वाचला होता. ताठरपणा म्हणजे सराव कमी पडला असं तिने धरलं आणि समताचा रोजचा पाऊण तास सव्वा तासावर नेला.

या सगळ्याला चार वर्षं झाली होती. समता ड्यूटीच्या आधी यायची नाही तर ड्यूटीनंतर. प, ट, क म्हणताना पुरेशी हवा बाहेर पडते का हे पाहायला कोकिळा तिच्या तोंडासमोर मेणबत्ती धरायची. ज्योत हलली तर बरोबर. ओठ 'ऊ'सारखे करून 'ई' म्हणायचं, हे आरशात पाहून. जीभ कुठे टेकते त्याची उभ्या छेदाची आकृती फळ्यावर. असं शिकवणारं जिल्ह्यात दुसरं कुणी नाही, असं लोक म्हणत, आणि ते खरं असावं.

मधे एकदा समताने मोबाईलवर कुठला तरी व्हिडिओ पाहून विचारलं होतं, "मॅडम, हे लोक तं असे बोलतच नाईत. पुस्तकात 'आमच्याजवळ आहे'ले 'हाबन वीर' हाय, आणि ही बाई 'हामवा' म्हणून राह्यली. अर्धे शब्द तं गिळूनच टाकते."

"घरी, रस्त्यावर तसंच बोलतात," कोकिळा म्हणाली होती. "दक्षिणेकडे गेलीस तर 'हेम्मर' ऐकशील. आधी स्वच्छ शीक. खराब करायला वेळ लागत नाही."

आणि एकदा, असंच वही बंद करता करता, तिने समताला विचारलं होतं की तुला जायचंच का आहे.

"मी पाच वर्षांपासून सिस्टर हावो तिथं," समता म्हणाली होती. "डॉक्टरची बायको आली का अजूनही मलेच चहा सांगते. राग नाई येत मॅडम आता. फक्त कंटाळा येते."

त्या एका उत्तरात कोकिळाने तिचे उच्चार दुरुस्त केले नव्हते.

अडीच वाजता पडद्यावर एक बाई आली. पन्नाशीची, आखूड केसांची, चष्मा डोक्यावर चढवलेला. फ्राऊ, म्हणजे श्रीमती, माउरर, वृद्धाश्रमातल्या परिचारिकांची प्रमुख. तिच्या मागे एक छोटा फ्रिज आणि पाण्याच्या बाटल्यांचे क्रेट दिसत होते. पत्रात लिहिलं होतं की तांत्रिक मदतीसाठी शिक्षिकेने खोलीत बसायला हरकत नाही, फक्त मध्ये बोलू नये. कोकिळा लॅपटॉपच्या कडेला, पडद्यावरचं दिसेल पण कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, थोडी तिरपी बसली.

समताने ओळख करून दिली. सगळं बरोबर होतं. अनुभवाबद्दल विचारलं, तेही बरोबर आलं. एखादी रुग्ण जेवायला नकार देत असेल तर काय कराल, या प्रश्नाचं पाच वाक्यांचं उत्तर तयार होतं आणि ते पाचही वाक्यं ओळीने बाहेर पडली. कोकिळाचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. फ्राऊ माउरर लिहीत होती. तिसऱ्या उत्तराच्या मध्यावर तिने पेन कागदावर आडवं ठेवलं, मान हलवत राहिली, आणि हसली. ते हसू कोकिळाने मागच्या दोन्ही वेळी पाहिलं होतं. ज्यांनी मनातल्या मनात वही मिटली आहे त्यांचं हसू.

"एक मिनिट," फ्राऊ माउरर म्हणाली. "आमची इथली एक पद्धत आहे. कोण येतंय ते इथे राहणाऱ्यांनाही पाहू द्यायचं."

ती उठून गेली आणि चाकाची खुर्ची ढकलत परत आली. खुर्चीत नव्वदीची एक म्हातारी होती, केस विरळ, अंगावर विणलेली जांभळी शाल. फ्राऊ आयझेले. तिने पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग काहीतरी म्हणाली.

"ई हान कालदे फिअस."

समताला काही उमगलं नाही. कोकिळाला ते वाक्य कळलं. पुस्तकात हेच वाक्य 'इश हाबं काल्टं फ्यूसं' असं असतं: माझे पाय गार आहेत. म्हातारीच्या तोंडून ते जसं आलं होतं ते मराठीत लिहायचं तर 'पाय गार पडून राह्यले वं माये' असंच लिहावं लागलं असतं. दक्षिण जर्मनीत कोकिळा सहा वर्षं होती. ही बोली तिने तिथल्या प्रयोगशाळेत रोज ऐकली होती, कधी दाराआडून, कधी पाठमोरी उभी असताना.

तिने समताकडे पाहून ओठांनी 'फ्यूसं' असा आकार केला. समताचं तिकडे लक्ष नव्हतं.

दवाखान्यात डॉक्टर फोनवर औषध सांगतात तेव्हा नर्सने ते लिहिण्याआधी शब्दन् शब्द परत म्हणायचं असतं. ऐकलं तसंच. आपल्या मनाने सुधारून नाही. समताने ड्यूटीवर हे किती हजार वेळा केलं असेल. ती पुढे वाकली आणि म्हणाली,

"ई हान कालदे फिअस?"

चाल तीच, सूर तोच. कोकिळा खुर्चीत पुढे सरकली. चिडवतेय असं वाटणार होतं त्यांना. पुण्याच्या वसतिगृहात, पहिल्याच आठवड्यात, मेसच्या टेबलावर कुणीतरी कोकिळाचं वाक्य असंच्या असं परत म्हटलं होतं. मले भूक नाई. सात-आठ मुली हसल्या होत्या आणि त्यात वाईट मनाची बहुतेक एकही नव्हती. त्यानंतर 'मले' तिच्या तोंडून गेलं. महिनाभरात 'काऊन' गेलं, वर्षभरात सगळंच.

"हा यो!" म्हातारी म्हणाली, हो तर. तिचा चेहरा उघडला होता.

परत म्हणता म्हणता समताला त्यातले 'गार' आणि 'पाय' सापडले असावेत. तिने खुर्ची मागे सरकवली, चप्पल काढली, पाय उचलला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. दोन्ही हातांनी तळवा चोळून दाखवला. भुवया वर केल्या. असं?

म्हातारी हसत सुटली. मग ती सांगू लागली. न थांबता, शब्दांचे शेंडे गिळत, मध्येच शाल ओढत. तिचे लोकरीचे मोजे होते, तपकिरी, बहिणीने विणलेले. कुणीतरी धुवायला म्हणून नेले. मंगळवारी. की त्याच्या आधी. ते परत आलेच नाहीत. समताला त्यातलं फार तर चौथा हिस्सा कळत असावं. जे कळत नव्हतं त्याचा शेवटचा शब्द ती उचलत होती आणि म्हातारीच्याच आवाजात परत देत होती.

"सोका?"

"सोका! ब्राउने!"

"ब्राउने सोका," समता म्हणाली आणि दोन्ही हात हवेत उडवले. "वेक?"

"वेक!" म्हातारी म्हणाली, गेले.

दोघी जणी एकाच वेळी फ्राऊ माउररकडे पाहू लागल्या. फ्राऊ माउररने डोक्यावरचा चष्मा काढून टेबलावर टाकला.

"आता मला दोन्हीकडून ऐकावं लागणार," ती म्हणाली. पण तेही तिने म्हातारीच्याच भाषेत म्हटलं आणि तोंडावर हात ठेवून हसली.

त्यानंतर कागद बाजूलाच राहिला. फ्राऊ माउरर कोपरं टेबलावर ठेवून बोलू लागली, तीही शेवटची अक्षरं खात, 'नाही'साठीच्या 'निश्त'ला 'नेट' म्हणत. तुम्ही आल्यावर स्टेशनवरून सात नंबरची बस घ्या, ती म्हणाली, दुसरी घेऊ नका, ती फिरून येते. खोली वरच्या मजल्यावर आहे, जिना अरुंद आहे, पण खिडकीतून बाग दिसते. तुम्ही आल्यावर पहिले दोन आठवडे माझ्याबरोबरच राहाल. समता मान हलवत होती, जिथे अडत होती तिथे परत म्हणत होती, आणि दर वेळी फ्राऊ माउरर तेच पुन्हा सांगत होती, हळू नाही, फक्त मोठ्याने.

तुम्ही आल्यावर. कोकिळाने ते दोनदा मोजलं.

"कुणी शिकवलं तुम्हाला?" फ्राऊ माउररने विचारलं.

"माझ्या मॅडम," समता म्हणाली. "इथंच आहेत." आणि कोकिळा हाताने नको म्हणायच्या आत तिने लॅपटॉप उचलून तिच्याकडे वळवला.

पडद्यावर दोन चेहरे कोकिळाकडे पाहत होते. तिने साडीचा पदर सारखा केला.

"नमस्कार, फ्राऊ माउरर. नमस्कार, फ्राऊ आयझेले," ती जर्मनमध्ये म्हणाली. "आपली ओळख झाली याचा मला फार आनंद वाटतो. आपण समताला एवढा वेळ दिलात याबद्दल मी आपली मनापासून आभारी आहे."

एकही अक्षर सुटलं नाही. सुटणार नव्हतंच. वाक्य संपता संपता तिला समोरच्या बाईची कोपरं टेबलावरून उठलेली दिसली. फ्राऊ माउररने चष्मा उचलून डोळ्यांवर लावला. खुर्ची पुढे घेतली. आणि बोलू लागली तेव्हा तिचा प्रत्येक शब्द शेवटपर्यंत पुरा होता, इस्त्रीच्या घडीसारखा.

"आपली भाषा असामान्य आहे," ती म्हणाली. "अभिनंदन. आम्ही सर्व उमेदवारांचा विचार करून आमचा निर्णय दोन आठवड्यांच्या आत लेखी कळवू. निवड झाल्यास पुढील कागदपत्रांची माहिती संस्थेमार्फत मिळेल."

निवड झाल्यास.

तिच्या शेजारी म्हातारीने शाल गळ्याशी घट्ट धरली होती. ती फ्राऊ माउररकडे वाकून हळूच काही म्हणाली. माइकने ते नीट पकडलं. "ही कचेरीतली आहे का गं? मी सही केलीय म्हणावं. मागेच केलीय."

"नाही, नाही," फ्राऊ माउरर म्हणाली, आणि मग कॅमेऱ्याकडे पाहून, स्वच्छ, "माफ करा. आपला दिवस चांगला जावो."

पडदा काळा झाला.

समताने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि खुर्चीत तशीच गोल वाकली. सरळ झाली तेव्हा हसत होती.

"मॅडम! तुम्ही आल्या तं शेवटचं पूर्ण समजलं मले! एकेक शब्द! त्याच्या आधी तं मी नुसती हो ले हो लावून राह्यली होती." ती चप्पल शोधू लागली. "पाय दाखवला ते चुकलं का हो? एकदम तोंडातून शब्दच नाई निघाला, मंग पायच निघाला."

"नाही चुकलं."

"मंग काय वाटते तुम्हाले? होईन?"

कोकिळाने लॅपटॉपची वायर काढली आणि मनगटाभोवती गुंडाळू लागली.

"दोन आठवड्यांत कळवतील."

"ते तं ऐकलं मी. पण तुम्हाले काय वाटते?"

"चांगली झाली मुलाखत," कोकिळा म्हणाली. "मागच्या दोन्हींपेक्षा चांगली."

समताला यापेक्षा काहीतरी जास्त हवं होतं हे दिसत होतं. मग तिने पिशवी उचलली. तिला अमडापूरची बस धरायची होती. आई-वडील तिथे वाट पाहत होते आणि सकाळपासून आईचे चार फोन येऊन गेले होते. दारात ती थांबली.

"ते बुढी शेवटी काय म्हणली हो? हळू बोलली ते?"

"तुझ्याबद्दल विचारत होती," कोकिळा म्हणाली. "ही कधी येणार म्हणून."

"खरंच?" समता म्हणाली. "पाहा बरं." आणि ती जिना उतरली. खालून उत्तमरावांचा आवाज आला, काय झालं वं, आणि तिचा, काका सांगतो तं खरं, पहिले पाणी पाजा. मग बराच वेळ खाली हसणं चाललं होतं. समता बहुतेक पाय उचलून दाखवत असावी.

कोकिळा फळ्यासमोरच्या खुर्चीत बसली. आता मान दुखत होती, आणि डोळ्यांच्या मागेही.

जर्मनीतल्या तिच्या प्रयोगशाळेत कॉफीची एक खोली होती. सकाळी साडेनऊला सगळे तिथे जमत. दाराच्या बाहेरून आवाज यायचा, मोठा, घोळका करून बोलणाऱ्या माणसांचा, हेम्मर, नेट, बिस्ले. कोकिळा दार ढकलून आत जायची आणि ते आवाज क्षणभर थांबून पुन्हा सुरू व्हायचे, सरळ, नीटनेटके. तिच्यासाठी कुणीतरी खुर्ची ओढायचं. हवामानाबद्दल विचारायचं. आपल्याला मान देतात असं तिला वाटायचं, आणि त्या मानाला जपायचं म्हणून ती संध्याकाळी घरी बातम्या ऐकून निवेदिकेच्या मागोमाग वाक्यं म्हणायची. निरोपाच्या दिवशी विभागप्रमुख सगळ्यांसमोर म्हणाले होते की कोकिळा आमच्यापेक्षा चांगलं जर्मन बोलते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वडिलांच्या आजारपणासाठी ती मेहकरला परत आली तेव्हा सामानात फारसं काही नव्हतं, पण ते वाक्य तिने आणलं होतं. आठ वर्षं ते पुरलं.

सहा वर्षांत तिला तिथे कुणी आपले पाय गार पडल्याचं सांगितलं नव्हतं.

खालची मशीन अजून बंदच होती. ती सुरू करा म्हणून सांगायचं राहिलं हे तिच्या लक्षात आलं, पण ती उठली नाही. तिने फोन घेतला. संस्थेच्या पत्रात फ्राऊ माउररचा नंबर होता, जोडणी तुटली तर लावण्यासाठी. कोकिळाने आवाजाचा संदेश सुरू केला.

"सन्माननीय फ्राऊ माउरर," ती म्हणाली. "समताची शिक्षिका या नात्याने मी आपल्याला असं कळवू इच्छिते की,"

तिने थांबून तो पुसला.

दुसऱ्यांदा तिने त्यांच्या बोलीत सुरुवात केली. 'दी समता इश', म्हणजे 'समता आहे', एवढं म्हणून तीन शब्दांतच तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. मेसच्या टेबलावरचा आवाज होता तो. तोही पुसला.

उन्हाने खिडकीचे गज तापले होते. मुलाखत संपून पंधरा मिनिटं झाली होती. तिथे बाराही वाजले नसतील. फ्राऊ माउरर कदाचित आत्ताच तो कागद भरत असेल, चष्मा लावून. उद्या म्हटलं तर उद्या उशीर झालेला असेल. कोकिळाने मान खुर्चीच्या पाठीवर टेकवली, डोळे मिटले आणि फोन हनुवटीशी धरला. या वेळी पहिलं वाक्य तयार केलं नाही. तेवढी ताकद नव्हती.

"फ्राऊ माउरर, मी कोकिळा. मघाची," ती म्हणाली. "फ्राऊ आयझेलेंना सांगा, मी कचेरीतली नाही. मला ऐकू आलं ते. मी नुसती शिकवते." शब्दांची टोकं गळत होती, तिला कळत होतं. 'हाबं'चं 'हाब' झालं, 'निश्त'चं 'निश' झालं. ती बोली नव्हती. दमलेल्या माणसाचं तोंड जेवढं उघडतं तेवढंच उघडत होतं, आणि ती ते तसंच जाऊ देत होती. "समताला तुम्ही 'आल्यावर, आल्यावर' असं म्हणत होता. मग मी आले आणि तुम्ही ते बंद केलं. माझ्यामुळे बंद केलं, हो ना? मी अशीच बोलते. तिला मी माझ्यासारखं करायला गेले, चार वर्षं. ती झाली नाही. दवाखान्यात ती पेशंटच्या पलंगावर बसून बोलते, त्याच्यावरून वरचे ओरडतात तिला, तरी बसते. म्हातारी माणसं तिचा हात सोडत नाहीत. आज मी तिथे यायला नको होतं. एवढंच. घ्या तिला."

एक वाक्य अर्धवट राहिलं होतं आणि एका ठिकाणी मध्येच मराठी 'म्हणजे' गेलं होतं. तिने ते पुन्हा ऐकलं नाही. पाठवून दिलं.

फोन मांडीवर उलटा ठेवून तिने पेला उचलला. पाणी कोमट झालं होतं. ते पिऊन होईपर्यंत फोन थरथरला.

अडतीस सेकंदांचा संदेश होता. मागे ट्रॉलीची चाकं वाजत होती, ताटं वाजत होती, दूरवर कुणीतरी म्हातारं माणूस एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होतं. फ्राऊ माउरर चालता चालता बोलत होती, भराभर, धाप लागल्यासारखी, मध्ये एकदा मोठ्याने हसत. कोकिळा ओळखत होती त्यापेक्षाही खालचं, स्वयंपाकघरातलं बोलणं होतं ते. एकही शब्द शेवटपर्यंत जात नव्हता. 'समता' तिला कळलं. 'ऑक्टोबर' कळलं. मग तिचं स्वतःचं नाव आलं, को-कि-ले असं काहीसं, शेवटी त्यांचा तो लाडाचा 'ले' लावलेलं, आणि त्यापुढचं एक लांब वाक्य, ज्याच्या अखेरीस प्रश्न होता. तो काय होता ते तिला अजिबात कळलं नाही.

तिने पुन्हा लावलं. प्रश्न पुन्हा निसटला.

कोकिळाने खिडकी लावून घेतली, आवाज पूर्ण वाढवला, फोन कानाशी धरला आणि पहिल्यापासून ऐकू लागली.